बार्शीचा जन्मदाखला आणि ग्रेनोबलची दोन वर्षं

फ्रान्सला शिकून आले म्हटल्यावर लोक दोन गोष्टी विचारतात: भाषेचं कसं जमलं, आणि खर्च किती आला. दोन्हींचं सांगते. पण मला कुणी आधी विचारायला हवं होतं ते हे, की बाई, तुझा जन्मदाखला कुठे आहे?

माझा बार्शीला होता. आईचं माहेर बार्शी, पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. वाढले मात्र पुण्यात. पासपोर्ट काढताना बाबांनी जन्मस्थळाच्या रकान्यात सवयीने ‘पुणे’ लिहिलं होतं आणि सहा वर्षांत कुणाचंच त्याकडे लक्ष गेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये मी फ्रान्सच्या अर्जाचे कागद जमवायला बसले, तेव्हा आई मागून स्क्रीनवर डोकावली आणि म्हणाली, “पुणे काय? तू बार्शीला झालीस गं.”

तेव्हा हसलो. मग कपाटातून जुना दाखला काढला. हाताने लिहिलेला, शाई फिकट झालेली, फक्त मराठीत, आणि बाबांनी हौसेने लॅमिनेट करून ठेवलेला. अपॉस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर लागणारा सरकारी शिक्का. त्याचं काम करणाऱ्या एजंटने तो दाखला लांबूनच बघून परत केला. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का चालत नाही. आधी मंत्रालयाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, दोन्हींसाठी कोरा, ताजा दाखला हवा.

मग एसटीने बार्शी गाठली. मामा नगरपरिषदेत सोबत आला. अर्ज दिला, जुनं रजिस्टर निघालं, आणि चौथ्या दिवशी मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेला दाखला हातात पडला. मी एकदम पाच प्रती मागितल्या. खिडकीतल्या काकांनी विचारलं, “पाच कशाला?” तेव्हा मलाही नीट सांगता आलं नव्हतं. पुढे त्यातल्या चार लागल्या. दाखला आल्यावर जन्मस्थळ दुरुस्त करून नवा पासपोर्ट मागवला. १५०० रुपये, परत पोलीस पडताळणी, सगळं धरून महिनाभर गेला. तोवर फ्रान्सचं काहीच सुरू झालं नव्हतं.

आता भाषेचं. फर्ग्युसनमध्ये भूगोल घेऊन बीए करताना मी संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकत होते. फ्रेंच माध्यमातल्या मास्टर्सला साधारणपणे भाषेची ‘बी-टू’ पातळी मागतात, म्हणजे सहा पायऱ्यांतली चौथी. ‘डेल्फ बी-टू’ परीक्षेचे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० मिळाले की पास, पण कुठल्याही भागात ५ च्या खाली गेलात तर नापास. डिसेंबर २०२१ मध्ये मास्क लावून परीक्षा दिली आणि ६१ मिळाले. ऐकण्याच्या भागात जेमतेम ११. हे ११ लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच मला रडवलं.

अर्ज ‘कॅम्पस फ्रान्स’ या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या ‘एत्युद आँ फ्राँस’ या पोर्टलवरून करायचा. फी तेव्हा अठरा-एकोणीस हजार रुपये, परत न मिळणारी. सार्वजनिक विद्यापीठांतले जास्तीत जास्त सात अभ्यासक्रम निवडता येतात. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायचं, आणि खरंच वेगळं लिहायचं. मी पहिली तीन पत्रं विद्यापीठाचं नाव बदलून तशीच पाठवली होती. त्या तिन्ही ठिकाणांहून नकार आला. योगायोग असेलही, पण मला तसं वाटत नाही. ग्रेनोबलच्या पत्रात मी सह्याद्रीतल्या दरडींबद्दल लिहिलं होतं आणि आल्प्सच्या पायथ्याशी बसून डोंगरउतारांचा अभ्यास का करायचाय ते सांगितलं होतं. तिथे जमलं.

फेब्रुवारीत मुलाखत झाली. पंचवीसेक मिनिटांची, बऱ्यापैकी गप्पांसारखी. हाच विषय का, इथे का नाही, पुढे काय, पैसे कोण देणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत द्यायचं. व्हिसासाठी तेव्हा महिन्याला ६१५ युरो, म्हणजे वर्षाचे ७,३८० युरो आपल्याकडे आहेत हे दाखवावं लागायचं. तेव्हाच्या दराने साधारण सहा लाख. आम्ही शैक्षणिक कर्ज घेतलं. बँकेचं मंजुरीपत्र यायला सात आठवडे लागले, म्हणून सांगते, प्रवेशाची वाट न पाहता बँकेत जाऊन बसा.

फीबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. फ्रान्सच्या सार्वजनिक विद्यापीठांत २०१९ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना वेगळा दर आहे. माझ्या वेळी मास्टर्सला तो वर्षाला ३,७७० युरो होता आणि फ्रेंच मुलांना २४३. पण विद्यापीठं स्वतःच्या अधिकारात यातून सूट देऊ शकतात. प्रवेशपत्रात ‘एक्झोनेरासियाँ’ हा शब्द शोधा. माझ्या पत्रात तो दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात होता. मी २४३ भरले. त्याखेरीज ‘सीव्हेक’ नावाची विद्यार्थी-जीवन वर्गणी ९५ युरो. ती भरल्याची पावती दाखवल्याशिवाय नावनोंदणी होत नाही.

मे महिन्यात होकार, जुलैत व्हिसा केंद्राची तारीख. व्हिसाचे ५० युरो आणि केंद्राचा सेवाआकार वेगळा. पासपोर्ट बारा दिवसांत घरी आला. तिकीट, विमा, कपडे, कागदपत्रं असं सगळं मिळून विमानात बसायच्या आधीच दीड लाखाच्या आसपास गेले होते.

त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला बसले आणि माझं विमान १ सप्टेंबरला रात्री. ऋषिपंचमीची भाजी खाऊन निघाले. आजी बार्शीहून आली होती. तिने काही विचारलं नाही, फक्त बॅगेत चटणीची बरणी सरकवली.

पॅरिसला उतरल्यावरची पहिली फजिती सांगून टाकते. ग्रेनोबलची गाडी ‘गार द लियाँ’वरून सुटणार होती. तिकिटावर हे वाचून मला एक क्षण वाटलं, आता आधी लियाँला जायचं? गार द लियाँ हे पॅरिसमधलंच स्टेशन आहे, लियाँच्या दिशेच्या गाड्या तिथून सुटतात. तिथून ग्रेनोबल तीन तासांवर. शेवटच्या अर्ध्या तासात दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात. एकीकडे शार्त्रूज, दुसरीकडे व्हेर्कोर, आणि गाव आलं की समोर बेलदोन. आपल्या बेसॉल्टच्या काळ्या कड्यांची सवय असलेल्या डोळ्यांना व्हेर्कोरचा तो पांढरट चुनखडीचा कडा फार विचित्र वाटतो. कुणीतरी सह्याद्रीला चुना फासल्यासारखा.

खोलीचं मात्र मी पुण्यातूनच बघितलं होतं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही. मग इंटरनेटवर एक सुंदर खोली सापडली. मालक म्हणाला, मी परदेशात आहे, दोन महिन्यांचं भाडं पाठवा, किल्ली पोस्टाने येईल. मी पैसे पाठवणारच होते. बाबा म्हणाले, “किल्ली पोस्टाने? आपण आपल्या वॉचमनकडे तरी ठेवतो का?” तेवढ्यावर थांबले. खोली कुणीतरी ओळखीच्याने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक युरो पाठवू नका. शेवटी एका सीनियर मुलीच्या ओळखीने तिघींच्या फ्लॅटमध्ये खोली मिळाली, ३९० युरो.

फ्रान्समध्ये घरमालक जामीनदार मागतो, तोही फ्रान्समधला. आपला कुठून आणणार? त्यासाठी ‘व्हिझाल’ आहे. तिशीपर्यंतच्यांना ही हमी फुकट मिळते, ऑनलाइन अर्ज करायचा, मात्र करारावर सही करण्याआधी. घराचा विमा सक्तीचा, वर्षाला पन्नासेक युरो. आणि ताबा घेताना ‘एता दे लिय’ म्हणून घराच्या स्थितीची यादी करतात, तिच्यात प्रत्येक ओरखडा लिहून घ्या. मी संकोचाने बाथरूममधली फुटकी फरशी लिहिली नाही. निघताना त्या फरशीचे ६० युरो कापले.

माझ्या वेळी भाड्यातला काही भाग सरकार द्यायचं, ‘काफ’ या भत्ते वाटणाऱ्या संस्थेमार्फत. मला महिन्याला १४० युरोच्या आसपास मिळायचे. पण ज्या महिन्यात राहायला जाता त्या महिन्याचे मिळत नाहीत, हक्क पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. म्हणजे ३१ ऑगस्टपासूनचा करार असता तर सप्टेंबरचे मिळाले असते. माझा करार २ सप्टेंबरपासूनचा. दोन दिवसांपायी एक महिना बुडाला. तरी गणपती सोडून दोन दिवस आधी आले असते असं मी म्हणणार नाही.

यानंतरचा दीड महिना ‘दोसिए’चा. म्हणजे फाइल. प्रत्येक ऑफिसला तुमचा दोसिए हवा असतो आणि प्रत्येक दोसिएत एक कागद कमीच असतो. बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा, विजेच्या करारासाठी बँक खातं हवं, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल चालतं. या चक्रातून मला घरमालकाच्या पत्राने सोडवलं: त्याने आपल्या ओळखपत्राच्या प्रतीसह ‘ही माझ्याकडे राहते’ असं लिहून दिलं.

बँकेचं कार्ड पोस्टाने यायचं होतं. आठवडा गेला, दोन गेले. शेवटी कळलं की पाकीट परत गेलं, कारण खालच्या टपालपेटीवर माझं नाव नव्हतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. पत्ता कितीही बरोबर असो. फ्लॅटच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूंची चिठ्ठी तशीच होती. मी कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून सेलोटेपने चिकटवलं. ग्रेनोबलला पोचल्या दिवशी दुसरं काही नाही केलं तरी चालेल, एवढं करा.

त्या पट्टीवर काय लिहायचं हाही प्रश्नच होता. पासपोर्टवर आपलं दिलेलं नाव म्हणजे स्वतःचं आणि वडिलांचं. माझं ‘मृण्मयी अनिल’. फ्रेंच कागदपत्रांत ही दोन्ही माझीच नावं झाली. ‘मृण्मयी’ कुणालाच म्हणता येईना, जीभ ‘मृ’लाच अडकायची. पहिल्या आठवड्यात एका प्राध्यापिकेने हजेरीच्या यादीकडे बराच वेळ पाहिलं आणि मोकळ्या चेहऱ्याने म्हणाल्या, “आनिल?” मी हात वर केला. पूर्ण सत्र मी वर्गात आनिल होते. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “चला, फ्रान्सला मीही जाऊन आलो म्हणायचं.”

व्हिसा हातात असला तरी तो ऑनलाइन ‘व्हॅलिडेट’ करावा लागतो, आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तेव्हा ५० युरोचा ई-मुद्रांक विकत घ्यायचा होता आणि त्याचा नंबर टाकायचा. वीस मिनिटांचं काम. विसरलात तर तुमचं राहणं बेकायदा ठरतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

आरोग्य विम्याची नोंदणी फुकट असते, पण तिथे पुन्हा आपला जन्मदाखला. बार्शीचा दाखला, अपॉस्टिल, आणि न्यायालयाच्या यादीवरच्या शपथबद्ध अनुवादकाकडून फ्रेंच अनुवाद. मला एका बाईंनी ईमेलवरच ४५ युरोत करून दिला. दाखल्यावर इंग्रजी होतं म्हणून झालं. जुना मराठी दाखला असता तर मराठीतून फ्रेंच करणारं माणूस शोधत फिरले असते. ऑक्टोबरमध्ये माझी फाइल परत आली. मी मोबाइलने फोटो काढला होता आणि कडेचा शिक्का अर्धा कापला गेला होता. चूक माझीच. सगळे कागद नीट स्कॅन करून परत पाठवले, तेव्हा नोव्हेंबरात तात्पुरता नंबर मिळाला. ८ पासून सुरू होणारा.

आणि वर्ग? पहिल्या महिन्यात मला निम्मं कळत नव्हतं. डेल्फच्या ध्वनिफितीत माणसं वाक्यं पूर्ण करतात. इथे मुलं ‘मला माहीत नाही’ हे आख्खं वाक्य ‘शेपा’ एवढ्यात संपवायची. ऑक्टोबरच्या अखेरीस पाचनंतर अंधारून यायला लागलं आणि मी रोज ट्रामने घरी जाताना ठरवायचे की आज आईला सांगते, परत येते. सांगितलं नाही. शेजारी बसणाऱ्या मुलीला एकदा धीर करून विचारलं, तुझी टिपणं बघू का? ती म्हणाली, हो, त्यात काय. मी दीड महिना उगाच थांबले होते.

पहिल्या लेखी परीक्षेत २० पैकी ८. दहा म्हणजे पास. मी पाठ केलेलं सगळं उतरवलं होतं, पुण्यात याला साठ टक्के पडले असते. शेरा होता: माहिती आहे, प्रश्न कुठे आहे? तिथे निबंधात आधी स्वतःचा प्रश्न मांडावा लागतो आणि मग त्याच्या मागे जावं लागतं. मला हे कळायला जानेवारी उजाडली. नंतर १३ मिळाले तेव्हा आई म्हणाली, “वीसपैकी तेरा? बरी आहेस ना?” तिला समजावलं की इथे १४ ला ‘चांगलं’ म्हणतात आणि वीस कुणालाच देत नाहीत.

दुपारचं जेवण विद्यापीठाच्या कँटीनमध्ये तेव्हा ३ युरो ३० सेंटमध्ये मिळायचं. शाकाहारी असाल तर बटाटे, पास्ता आणि चीज यांच्याशी मैत्री करा. मी प्रेशर कुकर नेला होता. त्याच्या पहिल्या शिट्टीला दोन्ही फ्लॅटमैत्रिणी आपापल्या खोलीतून धावत बाहेर आल्या. एकीने गॅसच बंद केला.

फेब्रुवारीत ताप आला. डॉक्टरांनी २५ युरो घेतले आणि एक छापील कागद भरून दिला. तो सही करून पोस्टाने पाठवायचा. ७० टक्के परत मिळतात, त्यातून तेव्हा १ युरो कापायचे, म्हणजे मला १६ युरो ५० सेंट. त्याच भेटीत त्यांना ‘माझे नेहमीचे डॉक्टर’ म्हणून नोंदवून घ्या. तशी नोंद नसेल तर परतावा ३० टक्क्यांवर येतो.

मार्चमध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याविरुद्धचे संप भरात होते. वर्ग कधी भरायचे, कधी दाराशी वाट अडवायला रचलेला बाकांचा ढीग असायचा. त्याच महिन्यात पेटीत पाकीट आलं, आरोग्य विम्याचा कायमचा नंबर. तेरा आकडे आणि शेवटी दोन पडताळणीचे. मी तो ट्राममध्ये बसून वाचला. २ म्हणजे बाई. ०१ जन्मवर्ष, ०५ महिना. ९९ म्हणजे फ्रान्सबाहेर जन्मलेली. २२३ म्हणजे भारत. मामाबरोबर खिडकीत उभं राहून मिळवलेला कागद त्या तीन आकड्यांत मावला होता.

दुसऱ्या वर्षासाठी राहण्याचा परवाना वाढवायचा तर अर्ज व्हिसा संपण्याआधी चार ते दोन महिने या काळातच करायचा. माझा व्हिसा ऑगस्टअखेरीस संपत होता, म्हणजे जूनअखेरपर्यंत. पण पुढच्या वर्षाच्या प्रवेशाचं प्रमाणपत्र निकालानंतर, जुलैत मिळतं. मी मेअखेरीस गुणपत्रक आणि विभागाचं पत्र लावून अर्ज केला आणि प्रमाणपत्र मागाहून जोडलं. फोटोसुद्धा त्यांच्या मान्य यंत्रातूनच काढावा लागतो, त्यावर एक कोड येतो. कार्ड नोव्हेंबरात मिळालं, ७५ युरो. ऑगस्टमध्ये मावसबहिणीचं लग्न होतं. हातात फक्त अर्ज दाखल केल्याची पावती होती, व्हिसा संपल्यावर नुसत्या तिच्यावर परत येता आलं नसतं. मी व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकल्या. त्याचं वाईट अजून वाटतं.

विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास काम करता येतं. मी आठवड्यातून दहा तास एका दुकानाच्या गल्ल्यावर बसायचे, तासाला हातात नऊ युरोच्या आसपास. पैशांपेक्षा फ्रेंच तिथे सुधारलं. रांगेतल्या आजीबाई सुटे पैसे मोजताना जेवढं बोलतात तेवढं वर्गात कुणी बोलत नाही. शेवटच्या सत्रात सहा महिन्यांची इंटर्नशिप, तिचे तेव्हा किमान ४ युरो ३५ सेंट तासाला.

सप्टेंबर २०२४ मध्ये प्रबंध मांडला. पदवीचं मूळ पत्र लगेच मिळत नाही, आधी उत्तीर्ण झाल्याचा दाखला देतात. ते यंदा आलं, जाड कागदावर. गेल्या महिन्यात बार्शीला गेले तेव्हा घेऊन गेले. भगवंताच्या देवळातून आजी परत आली, हात धुऊन बसली आणि म्हणाली, वाचून दाखव. फ्रेंच पदवीवर नावाबरोबर जन्मतारीख आणि जन्मस्थळही छापतात. मी वाचलं, मृण्मयी अनिल, जन्म बार्शी, भारत.

आजीने तो कागद उजेडात धरला, बार्शीवर बोट ठेवलं आणि बाबांकडे वळून म्हणाली, “खराब होईल रे, लॅमिनेट करून आण.”